कानमिस्त्रींचा कार्बोरेटर

मित्रांनो, माझं नाव सरळ घेणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. कोणी मला कारबेटर म्हणतं, कोणी कारपेटर, आणि एका आजोबांनी तर मला कायम 'तो खालचा डबा' म्हटलं. मी रागावत नाही. मी एक जुना कार्बोरेटर आहे, मोटारसायकलच्या पोटाशी बसणारा, तुमच्या दोन मुठींत मावेल एवढा. सध्या पत्र्याच्या एका डब्यात पडून आहे. माझ्या आतलं पेट्रोल कधीच उडून गेलं आणि त्याचा चिकट पिवळा थर माझ्या भोकांत बसला. मला धुवायला आता कोणी येईल असं वाटत नाही, म्हणून जे सांगायचं ते आत्ताच सांगून टाकतो.

माझा जन्म साच्यात झाला. वितळलेला धातू ओतला, थंड केला, आणि मग यंत्रांनी मला इतकी भोकं पाडली की मी चाळणी व्हायचाच बाकी राहिलो. सगळ्यात शेवटी माझ्या तळाशी पितळेचा एक छोटा तुकडा बसवला. त्याला जेट म्हणतात. त्याच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक असतं, आणि इंजिनाला लागणारं पेट्रोल त्याच भोकातून वर चढतं. माझ्या जेटवर शंभर हा आकडा कोरलेला होता. आकडा मोठा तर भोक मोठं, इतकं सोपं ते गणित. चष्मा लावलेल्या एका बाईंनी त्या भोकात बारीक तार घालून पाहिली, मान हलवली आणि मला पुढे सरकवलं. त्यांचं ते मान हलवणं मी पुढे कितीतरी वर्षं मिरवलं.

माझं काम काय, ते आधी समजून घ्या. हवा आत घ्यायची, तिच्यात मापाने पेट्रोल मिसळायचं आणि ते मिश्रण इंजिनाला द्यायचं. घरात कणीक मळताना तुम्ही पाहिलं असेल. पाणी जास्त झालं तर हाताला चिकटतं, कमी पडलं तर गोळा तडकतो. माझंही तसंच. पेट्रोल जास्त झालं तर इंजिन काळा धूर ओकतं आणि खोकतं. ते निदान दिसतं तरी. पण कमी पडलं तर धूर नाही, वास नाही. गाडी उलट चपळ वाटते. आत मात्र आग भडकत जाते, कारण पेट्रोल नुसतं जळत नाही, जळण्याआधी ते इंजिनाला आतून गारही करतं. लोकांना वाटतं, पेट्रोल कमी म्हणजे बचत. अशी बचत मी जवळून पाहिली आहे.

पहिली सहा वर्षं आमची गाडी एका शाळामास्तरांकडे होती. ते इतकी हळू चालवायचे की सायकलवाले घंटी वाजवून पुढे जात. त्या काळाबद्दल माझी तक्रार नाही आणि आठवणही फारशी नाही. मास्तरांचे गुडघे दुखू लागले तेव्हा त्यांनी गाडी विकली, आणि मी कानमिस्त्रींच्या हाती आलो.

त्यांना सगळे कानमिस्त्री म्हणायचे. रस्त्याला लागून पत्र्याच्या दाराचं दुकान, आत तेलाने काळं झालेलं लाकडी टेबल, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने, आणि मागच्या दाराने सरळ घरात जाता येईल अशी दोन खोल्यांची जागा. मिस्त्री गाडीचा आजार हात लावण्याआधी कानाने ओळखत. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. आम्हा यंत्रांना तो पेचकस फार आवडायचा. अंगाला कोणीतरी कान लावून विचारतंय, 'काय होतंय रे,' असं वाटायचं.

एकदा बेकरीवाला गाडी घेऊन येत होता. तो अजून कोपऱ्यावरही वळला नव्हता. मिस्त्री आतूनच म्हणाले, "याच्या इंजिनातले टॅपेट ढिले झालेत. आणि मागच्या टोपलीतले सगळे ट्रे रिकामे आहेत, पाव खपले वाटतं आज."

बेकरीवाला दारात आला तेव्हा दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. तो म्हणाला, "मिस्त्री, तुमच्यासमोर मनातल्या मनात शिवी द्यायचीही चोरी!"

दुकानाच्या पाटीवर दुसरं काही लिहिलेलंच नव्हतं, नुसता एक मोठा कान रंगवलेला होता. दूरदूरची माणसं तो कान विचारत यायची. गावात दुसरे कारागीर होते, ते स्पार्क प्लग काढून त्याचा रंग बघत. प्लग म्हणजे ठिणगी पाडणारी कांडी. माझं माप बरोबर असेल तर तिचं टोक विटकरी होतं, पेट्रोल जास्त असेल तर काळं, कमी असेल तर पांढरं. रीत चांगली आहे. पण मिस्त्री हसत आणि म्हणत, "ज्यांना कान नाहीत त्यांनी रंग बघावेत." हे वाक्य त्यांनी माझ्यादेखत शंभरदा तरी म्हटलं असेल. मलाही तेव्हा ते ऐकून फुशारकी वाटायची. आता वाटतं, तेव्हाच कोणीतरी त्यांना टोकायला हवं होतं.

मिस्त्रींना एकच मुलगी. तिची आई ती दहावीत असताना गेली, तेव्हापासून बाप-लेक दोघंच. शिकून ती रक्त तपासणाऱ्या एका लॅबमध्ये लागली. सकाळी घरोघरी जाऊन आजारी माणसांचं रक्त काढायचं, काचेच्या नळ्या बर्फाच्या डब्यात रचायच्या आणि अकराच्या आत लॅबला पोहोचवायच्या. दुपारनंतर पुन्हा फेरी. तिच्या वाट्याला डोंगराच्या अंगाची वस्ती आली होती. तिथे जायला अर्ध्या तासाचा खडा चढ, आणि बस दिवसातून दोनच. म्हणून मिस्त्रींनी आपली गाडी तिला दिली. गाडी तिची झाली, आणि मीही.

ती चालवायची फार छान. चढावर मूठ पिळताना घाई नाही, उतारावर धांदल नाही. वरच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या तिच्या हाताला देवाचा हात म्हणायच्या, कारण तिची सुई टोचलेली कळायचीच नाही. तिला त्या कामाचा अभिमान होता. आणि मला तिचा. संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला आम्ही कोपऱ्यावर वळलो की मिस्त्री हातातलं काम ठेवून दाराशी आलेले असायचे. गाडी दिसण्याआधीच. रोज.

आता जे सांगायचं ते सांगताना मला जड जातं.

मिस्त्रींचा कान जाऊ लागला, हे सगळ्यांच्या आधी मला कळलं. माझ्या बाजूला हवेचा एक छोटा स्क्रू आहे. तो ते पाव फेरा फिरवत, थांबत, ऐकत, आणि तिथेच सोडत. हळूहळू ते अर्धा फेरा फिरवू लागले, मग मागे, मग पुन्हा पुढे, हरवलेली वस्तू अंधारात चाचपावी तसे. गिऱ्हाइकांना म्हणू लागले, "जरा जोरात रेस कर बघू." मग एक दिवस दुकानात कोणी नसताना त्यांनी पेचकस इंजिनाला टेकवला, मूठ कानाला लावली, काढली, इकडेतिकडे पाहिलं आणि ती मूठ दातांत धरली. हाडातून जो काय थोडा आवाज जातो, तो ते ऐकत होते. माझ्या अंगावर काटा आला. धातूला काटा येत नाही म्हणता, पण आला.

गिऱ्हाईक काही विचारायचं आणि मिस्त्री भलतंच उत्तर द्यायचे. मग दोघं हसायचे. लोकांना वाटायचं, मिस्त्री थट्टा करताहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मिस्त्रींनी ठरवलं होतं, आणि त्यांचं दुःख मला समजत होतं. पाटीवर कान रंगवून ज्याने वीस वर्षं पोट भरलं, त्याने कोणत्या तोंडाने सांगावं की आतला दिवा विझत चाललाय?

एका संध्याकाळी आम्ही परत आलो, तर मिस्त्री दारात नव्हते. आत पाठमोरे बसून एक साखळी धूत होते. लेकीने गाडी लावली, डबा काढला आणि ती मागे जाऊन उभी राहिली. "बाबा." मग पुन्हा, "बाबा." तिने खांद्यावर हात ठेवला तेव्हा ते इतके दचकले की घासलेटाचा डबा उपडा झाला.

"विचारात होतो गं," ते म्हणाले.

चार दिवसांनी पुन्हा तसंच झालं. ती हसली आणि म्हणाली, "म्हातारे झालात बाबा, विचार वाढले तुमचे." मिस्त्रीही हसले. पण त्या रात्री ती झोपायला गेल्यावर ते बराच वेळ माझ्याजवळ नुसते बसून राहिले.

त्या आठवड्यात त्यांनी नवा पाइप आणला.

गाडीचा मूळ सायलेन्सर तुम्ही पाहिला असेल, लांब आणि जाड. त्याच्या आत पडदे असतात, धूर वळसे घेत बाहेर पडतो, म्हणून आवाज दबतो. सुटे भाग विकणाऱ्या पार्टवाल्याच्या दुकानातला हा पाइप आखूड आणि जवळजवळ पोकळ होता. धूर सरळ बाहेर, आवाज दणदणीत. सगळा रस्ता चकित झाला, कारण असले पाइप लावून येणाऱ्या पोरांना मिस्त्रीच झापत असत. "पाइप बदलला तर जेट बदल, नाहीतर पिस्टन बदलायची पाळी येईल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

ते बरोबरच होतं. इंजिन श्वास घेतं, मित्रांनो. उच्छ्वास मोकळा झाला की श्वासही मोठा होतो. पोकळ पाइपातून धूर झपाट्याने जातो, त्यामागे हवा जास्त ओढली जाते. पण माझ्या जेटचं भोक तेवढंच राहतं. हवा वाढते, त्या मानाने पेट्रोल वाढत नाही. पीठ वाढवलं आणि पाणी तेवढंच ठेवलं, अशी गत. मग चढावर, जोर लागतो तेव्हा, आत अवेळी भडका उडतो आणि पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तशी बारीक टकटक ऐकू येते. ती टकटक म्हणजे इंजिनाचं रडणं. ती ऐकून जो थांबला तो वाचला.

लेकीने विचारलं, "बाबा, तुम्ही आणि हा असला पाइप?"

"चढाला जोर मिळेल. आणि वळणावर ट्रकवाल्यांना कळेल, कोणीतरी येतंय."

खरं कारण निराळं होतं. पाइप बसवून झाल्यावर त्यांनी तिला कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायला सांगितलं. आम्ही वळलो तेव्हा मिस्त्री दारात डोळे मिटून उभे होते. तो धडधडाट त्यांच्या छातीवर आदळला आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला सगळं समजलं. आपली पोर घरी आली हे कळावं, एवढ्यासाठी तो पाइप होता.

आता जेट. मिस्त्रींची रीत अशी: एकेक नंबर वाढवत जायचं, दर वेळी चढावर गाडी नेऊन कान द्यायचा, टकटक थांबली की थांबायचं. इतरांच्या गाड्यांना अशा पाइपासाठी चार-चार, पाच-पाच जेटं बदलावी लागलेली मी पाहिली होती. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी माझा तळ उघडला, शंभरचं जेट काढलं आणि त्याच्या पुढच्याच नंबराचं, एकशे दोनचं, बसवलं. स्वतः गाडी काढली. गावाबाहेरच्या चढावर मूठ पूर्ण पिळली आणि मान एका बाजूला झुकवून ऐकलं.

टकटक होती. चांगली मोठी होती. मी आतून फुटत होतो. वर पाइपाचा दणदणाट आणि आत दोन कान विझलेले, त्यात ती टकटक कुठे पोहोचणार? मला वाचा असती तर मी बोंब ठोकली असती. मिस्त्रींनी गाडी वळवली आणि स्वतःशीच मोठ्याने म्हणाले, "एका नंबरात भागलं. वा!"

ते खूश होते. आपला हात अजून बसलेला आहे, असं त्यांना कितीतरी दिवसांनी वाटलं असेल. एकदा प्लग काढून पाहिला असता तर खडूसारखं पांढरं टोक दिसलं असतं. पण रंग बघायचा तो ज्यांना कान नाहीत त्यांनी.

लेक रोज जाऊ लागली. तिसऱ्या दिवशीच तिला टकटक ऐकू आली. मिस्त्रींची मुलगी ती, कान तिलाही होता, फक्त तिला ते कोणी सांगितलं नव्हतं. चढावर तिने मूठ सैल केली, आवाज थांबला. पिळली, पुन्हा आला. संध्याकाळी घरी आल्यावर ती बापाच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, चढावर इंजिनात काहीतरी टकटक वाजतंय."

मिस्त्रींच्या हातातला पाना थांबला.

"टकटक? मी स्वतः चालवून बघितली ना."

"हो, पण…"

"पण काय? आता तू शिकवणार मला?" मग आवाज मऊ करून म्हणाले, "पाइप नवा आहे गं. त्याचा पत्रा वाजत असेल. बसेल."

शेजारच्या दुकानात वेल्डर होता, त्याने हे ऐकलं. तो म्हणाला, "कानमिस्त्रींची गाडी आणि टकटक? पोरी, तू जाऊन आधी आपले कान तपासून घे!" सगळे हसले. तीही हसली. बाबांना ऐकू आलं नाही म्हणजे नसणारच, असं तिने मनाला सांगितलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही. आवाज रोज येत होता. रोज ती तो कानाआड करत होती. माणूस आपल्या कानापेक्षा दुसऱ्याच्या नावावर जास्त विश्वास ठेवतो, हे मी तेव्हा पाहिलं.

तीन आठवडे गेले. इंजिन तापत होतं, त्याच्या आत वरखाली धावणाऱ्या पिस्टनची कड झिजत होती, आणि मी माझ्या एकशे दोनच्या भोकातून जेवढं देता येईल तेवढं पेट्रोल देत होतो. ते पुरत नव्हतं. आपण रोज कमी पडतोय हे कळत असूनही तसंच कमी पडत राहणं, याहून वाईट शिक्षा मला माहीत नाही.

त्या दिवशी ऊन फार होतं. सकाळच्या फेरीत सतरा नळ्या भरल्या होत्या. शेवटचं घर वस्तीच्या अगदी टोकाला, आणि अकराची वेळ गाठायची म्हणून तिने चढावर मूठ पूर्ण पिळून धरली. टकटक आधी वाढली. मग अचानक थांबली. तिला वाटलं असेल, बसला एकदाचा पत्रा. पिस्टन तापून फुगला आणि सिलिंडरमध्ये जागच्या जागी आवळला गेला. इंजिन थिजलं, मागचं चाक जाम झालं, आणि गाडी तिच्या पायावर आडवी पडून घसरत गेली. बर्फाचा डबा उघडला. नळ्या रस्त्यावर फुटल्या. त्या सतरा माणसांना पुन्हा टोचून घ्यावं लागलं, आणि ते टोचायला ती नव्हती.

तिच्या गुडघ्याची वाटी तीन ठिकाणी फुटली होती. डॉक्टरांनी जोडली. पण गुडघा वाकेना. ज्याला गुडघा वाकवता येत नाही त्याला गाडीवर बसता येत नाही, आणि ज्याला गाडीवर बसता येत नाही त्याचं लॅबला काय काम? दोन महिने वाट पाहून त्यांनी दुसरी मुलगी घेतली. त्यांचीही काही चूक नव्हती.

गाडी वेल्डरने टेम्पोतून आणली. मिस्त्रींनी सगळ्यात आधी प्लग काढला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी प्लगचा रंग पाहिला. पांढराफटक. मग इंजिनाचं डोकं उघडलं. पिस्टनच्या माथ्यावर वितळून खड्डा पडला होता आणि कडेला ओरखडेच ओरखडे. मिस्त्री तो पिस्टन हातात घेऊन जमिनीवर बसले. त्यांना सगळं समजलं होतं. एवढ्या वर्षांच्या कारागिराला समजावून सांगायला लागत नाही.

भोवती जमलेल्यांपैकी एकालाही कानमिस्त्रींच्या कानावर शंका आली नाही. बेकरीवाला म्हणाला, "पेट्रोल भेसळीचं असणार." वेल्डर म्हणाला, "पेट्रोल नाही, तो पाइपच दळभद्री. त्या पार्टवाल्याला जोड्याने मारला पाहिजे." आणि मिस्त्रींनी मान हलवली. हो म्हणून. पार्टवाल्याच्या दुकानावर लोक जाऊन भांडले, दोघांनी पाइप परत नेऊन त्याच्या अंगावर टाकले. मिस्त्री तेव्हाही गप्प. मी त्यांच्यावर फार माया केली, पण त्या मान हलवण्याचा मला आजही राग येतो.

एका दुपारी ते माझे सगळे भाग सुटे करून पेट्रोलमध्ये धूत होते. दाराकडे पाठ होती. लेक घरातून कुबडी टेकत आली आणि गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली.

"बाबा, एक सांगू? मला ते रोज ऐकू येत होतं. शेवटच्या आठवड्यात तर फारच. तुम्ही नाही म्हणालात म्हणून मला वाटलं, आपल्याला काय कळतंय. मी परत सांगायला हवं होतं. चूक माझी आहे."

मिस्त्री ब्रश फिरवत राहिले.

"रागावलात?"

ब्रश फिरत राहिला.

"बाबा, बोला ना काहीतरी."

मिस्त्रींनी मला उजेडात धरलं, भोकातून फुंकर मारली आणि पुन्हा ब्रश उचलला. तिच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मला दिसत होतं. आधी दुखावली. मग तिने डोळे बारीक केले. टेबलाच्या कडेचा जड पाना तिने उचलला आणि फरशीवर टाकला. रस्त्यापलीकडचं कुत्रं उठून भुंकलं. मिस्त्रींनी मागे वळूनही पाहिलं नाही.

ती कुबडी टेकत टेबलाला वळसा घालून त्यांच्या समोर आली. तिचे डोळे भरले होते.

"कधीपासून?"

तिच्या ओठांकडे पाहत ते म्हणाले, "काय कधीपासून?"

"ऐकू येत नाही ते."

"येतं की," मिस्त्री म्हणाले. मग त्यांचा हात माझ्यावरून निसटला. "दीड वर्ष झालं."

"आणि तो पाइप?"

"संध्याकाळी तू आलेली कळायची नाही मला. दोनदा मागे येऊन उभी राहिलीस, मला पत्ता नाही. म्हटलं, आवाज मोठा असला तर कळेल, पोर घरी आली."

तिने तळहाताने डोळे पुसले. मग म्हणाली, "जाऊ द्या बाबा. ऐकू येत नव्हतं तुम्हाला, त्यात तुमचा काय दोष? मी सांगितलेलंही तुम्हाला त्या दिवशी धड ऐकू गेलं नसेल."

इथे मिस्त्रींना सुटता आलं असतं. लेकीनेच दार उघडून दिलं होतं.

"नाही गं," ते म्हणाले. "ते ऐकू आलं होतं. तू समोर उभी राहून सांगितलंस. शब्द न शब्द ऐकू आला होता मला."

मित्रांनो, त्या दुकानात मी स्फोट ऐकले आहेत, इंजिनं फुटताना ऐकली आहेत. पण त्या वाक्याएवढं जड काही ऐकलं नाही. लेकीने कुबडी उचलली आणि ती घरात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री पार्टवाल्याच्या दुकानात गेले आणि चार माणसांसमोर म्हणाले, "तुझा पाइप बरोबर होता. माझा कान गेलाय." वेल्डरने हे येऊन सांगितलं तेव्हा मला वाटलं, आता तरी मिस्त्रींच्या छातीवरचा दगड उतरेल. दगड उतरला असेलही. पण सत्य बोलल्याचं बक्षीस म्हणून गिऱ्हाईक टिकत नाही. आठवड्याभरात दुकान ओस पडलं. बेकरीवाला सुद्धा गाडी घेऊन समोरून जायचा, आणि जाताना भलतीकडे बघायचा.

मग लेक स्वतः दुकानात येऊन बसू लागली. बापाशी तिचं बोलणं कामापुरतं उरलं होतं, पण ती बसायची. गाडी आली की ती ऐकायची आणि बोटांनी मिस्त्रींना सांगायची. तिचं निदान एकदाही चुकलं नाही. तरी माणसं येईनात. 'बाप बहिरा, लेक लंगडी,' असं कोणीतरी दाराशीच म्हणालं. मिस्त्रींना ते ऐकू आलं नाही, तिला आलं. त्या महिन्याच्या शेवटी दुकानाची पाटी उतरवली गेली. गाडी भंगारात गेली. मी तेवढा सुटा होतो, म्हणून डब्यात राहिलो.

आता दोघं मागच्या दोन खोल्यांत असतात. ती शेजारपाजारच्या मुलांच्या शिकवण्या घेते. ते तिच्यासाठी चहा करतात, तो ती घेते, आणि कप परत ठेवताना त्यांच्याकडे पाहत नाही. ते मात्र सारखे तिच्या ओठांकडे पाहत असतात, ती काही बोलेल म्हणून.

मित्रांनो, गाडीला नवा पाइप लावलात तर जेट बदला, आणि बदललेलं जेट पुरलं का ते प्लग काढून डोळ्यांनी बघा. एवढं सांगणं कार्बोरेटर म्हणून माझं कामच आहे. पण माझी खरी विनवणी दुसरी आहे. तुमचा कान, डोळा किंवा हात कमी पडू लागला, तर निदान घरातल्या एका माणसाला सांगा. लाज वाटेल, वाटू द्या. आणि तुम्हाला टकटक ऐकू आली आणि सगळे नाही म्हणाले, तर पुन्हा सांगा. हसले तरी सांगा, रागावले तरी सांगा. मला तोंड नव्हतं, म्हणून मी आत जळत राहिलो. त्या दोघांना होतं. तिचा गुडघा आजही वाकत नाही.